चिंचेच्या वळणावरच्या काचा

"पुसू नको! पुसू नको गं! ठसे जातील!"

वीरधवल एवढ्यानं ओरडला की रेश्माच्या हातातला काचेचा तुकडा पडता पडता वाचला.

"कसले ठसे?"

"बोटांचे! गुन्हेगाराच्या बोटांचे!"

"दादा, ही गाडीच्या दिव्याची काच हाय. गुन्हेगार काय दिवा हातात धरून गाडी चालवत होता व्हय?"

भूषण खो खो हसला. त्याची मोठी बहीण आम्रपाली मात्र हसली नाही. ती रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे बघत होती. ट्रॅक्टरमागच्या दोन्ही ट्रॉल्या उसानं भरलेल्या होत्या. ट्रॅक्टर चालवणारे तिचे बाबा, राजाराम, काल संध्याकाळपासून घरी आले नव्हते.

शिराळ्याहून सावरवाडीकडे येताना हे चिंचेचं वळण लागतं. काल दिवस मावळता मावळता दूधवाल्या लीलाबाई डोक्यावर किटली घेऊन इथूनच घरी निघाल्या होत्या. कुठल्या तरी गाडीनं त्यांना उडवलं आणि ती गाडी न थांबता पळून गेली. मागून ऊस घेऊन येणाऱ्या राजारामना त्या चरीत पडलेल्या दिसल्या. त्यांनी ट्रॅक्टर तिथंच उभा केला, समोरून आलेला टेम्पो हात करून थांबवला आणि लीलाबाईंना त्यात घालून दवाखान्यात नेलं.

"बाबा येतील गं," वीरधवल म्हणाला. "दवाखान्यात माणूस लागतंच की सोबतीला. तवर आपण काचा वेचू. चित्र संपायला पायजे का नको?"

चित्र! दिवाळीच्या सुट्टीतला त्या चौघांचा सगळा वेळ त्या चित्रात जात होता. कृष्णाकाठ रस्ता सुरक्षा मंडळानं यंदा, शहाण्णव साली, सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती जाहीर केली होती. गाडी जपून चालवा, हे लोकांना पटेल असं काहीही करून पाठवायचं. चित्र, गाणं, नाटुकलं, काहीही! ज्यांचं काम निवडलं जाईल त्यांच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च मंडळ करणार होतं. आम्रपालीला चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. ही बातमी ऐकल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

काचांची कल्पना तिचीच. जिथं जिथं अपघात झाले तिथल्या फुटक्या काचा वेचायच्या आणि फळीवर बसवून त्यांचंच चित्र करायचं. मागच्या दिव्यांच्या लाल काचा, इंडिकेटरच्या नारिंगी, समोरच्या दिव्यांच्या पांढऱ्या. चौघांनी शिराळ्याच्या रस्त्यावरचं एकेक वळण पालथं घातलं होतं. भूषणनं चित्राखाली लिहायला वाक्यही शोधलं होतं, 'ह्या काचा रस्त्यावर वेचल्या. पुन्हा सांडू नका!'

"हा तुकडा चित्रात न्हाई लावायचा," वीरधवल रेश्माच्या हातातला तो चिखलानं माखलेला, तळहाताएवढा तुकडा निरखत म्हणाला. "हा पुरावा हाय. काल लीलामावशीला उडवणाऱ्या गाडीचा! बाकीचं बारीक तुकडं घ्या डब्यात."

"मग पुरावा द्यायचा कुणाला?" भूषणनं विचारलं.

चौघांच्या तोंडून एकदमच उत्तर आलं, "दादासो काका!"

आणि खरंच, तेवढ्यात काका वळणावरून चालत येताना दिसले.

दादासो काका म्हणजे वीरधवल आणि रेश्माचे सख्खे चुलते. फौजेत ड्रायव्हर होते. बर्फातल्या घाटांमधून ट्रक चालवलेले! आता गावात त्यांची जीप होती. ती शिराळ्याला माणसांची ने-आण करायची. काका जीपमध्ये जास्तीचं माणूस घेत नसत आणि गाडी कधी दामटत नसत. पोरांना ते देवळाच्या पटांगणात खडूनं रस्ते आखून द्यायचे आणि ओरडून विचारायचे, "वळणावर पुढं कोण घुसतं रं?" सगळी पोरं किंचाळायची, "गाढव!"

त्या मंडळानं काकांना 'आदर्श चालक' म्हणून निवडलं होतं. सांगलीच्या ज्या समारंभात शिष्यवृत्त्या मिळणार, तिथंच काकांचाही सत्कार होणार होता. आम्रपालीच्या चित्रातली जीपसुद्धा काकांचीच होती. रस्ता ओलांडणाऱ्या मुलीसाठी थांबलेली, दोन्ही दिवे लावलेली.

"काका, आज चालत? जीप कुटं हाय?" वीरधवलनं विचारलं.

"क्लच गेलाय तिचा. गोठ्यामागं लावलीया," काका म्हणाले. "तुमी काय करताय हितं?"

वीरधवलनं छाती फुगवून तुकडा पुढं केला. "पुरावा, काका! पळून गेलेल्या गाडीचा!"

काकांनी तुकडा घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग खिशातला रुमाल काढून त्यात तो हळूच गुंडाळला.

"शाब्बास रं वाघांनो! मी आत्ताच फौजदारसाहेबांकडं निघालोय. नेऊन देतो. पण कुणाला बोलू नका. गुन्हेगार सावध हुईल."

"ठसे पुसू नका हां, काका!"

"न्हाई पुसत, गड्या."

एवढ्यात शिराळ्याकडून सायकलवर आलेला एक माणूस त्यांच्याजवळ पाय टेकून थांबला. "पोरांनो, राजारामला पोलिसांनी चौकीत बसवून ठेवलंय! लीलाबाई अजून बेसुद्ध हाय, पण तिला त्यानंच उडवली म्हणत्यात. बाई पडलेली ट्रॅक्टरम्होरंच, आणि ट्रॉलीला मागं लाल दिवा न्हाई. आता सुटतोय व्हय लवकर!"

आम्रपालीच्या हातातला डबा खाली पडला.

"खोटं हाय!" भूषण किंचाळला. "माझ्या बाबांनी तर तिला दवाखान्यात नेलं!"

दादासो काकांनी आम्रपालीच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नगं, पोरी. मी हाय न्हवं? तुज्या बाबाला मी सोडवतो."

तिनं डोळे पुसले. काका म्हणालेत म्हणजे होणारच!

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं वीरधवलच्या पडवीत चित्र पुरं करत बसली होती. उद्या चित्र सांगलीला पोचवायचं होतं, उद्याच शेवटची तारीख होती. पण कुणाचं लक्ष लागत नव्हतं. बाबा अजून सुटले नव्हते. आम्रपालीची आई सकाळीच डबा घेऊन चौकीत गेली होती.

रेश्मानं कालच्या डब्यातले पांढरे तुकडे धुऊन, खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी वापरून चित्रातल्या जीपच्या दिव्यांत रात्रीच बसवून टाकले होते. लांबी आता दगडासारखी घट्ट झाली होती.

दारात सायकल वाजली. शिराळ्याचे हवालदार होते. त्यांना वीरधवलच्या वडिलांना, भाऊसोंना, भेटायचं होतं. राजाराम ज्या मुकादमाचा ट्रॅक्टर चालवायचे, त्याचा पत्ता हवा होता.

"आण्णा रानात गेल्यात," रेश्मा म्हणाली.

आम्रपाली उठून उभी राहिली. "हवालदारसाहेब, त्या काचेचं काय झालं?"

"कसली काच?"

"काल दादासो काकांनी फौजदारसाहेबांना दिली ती. वळणावर सापडलेली."

हवालदारांनी टोपी सरळ केली. "काल दादासो आले होते खरं. साहेबांशी तासभर बोलत बसलेले. मी तिथंच होतो. पण काचबीच काही दिली नाही त्यांनी." आणि ते निघून गेले.

"विसरलं असतील," वीरधवल घाईघाईनं म्हणाला. "लय कामं असत्यात काकांना."

"रुमालात गुंडाळलेली वस्तू खिशात असताना कुणी विसरतं?" भूषणनं विचारलं.

"ए, तू गप्प बस!"

 काहीतरी करायचं म्हणून आम्रपाली ओल्या फडक्यानं चित्रावरची धूळ पुसू लागली. डोंगर पुसला, चिंच पुसली, जीप पुसली. जीपच्या डाव्या दिव्यावर लांबीचा पातळ डाग होता, तो तिनं नखानं खरवडून काढला.

तिचा हात एकदम थांबला.

त्या काचेवर काळा रंग होता आणि काळ्या रंगाखाली एक पिवळी रेघ, दोऱ्याएवढी बारीक.

"रेश्मा, हा तुकडा कुठला गं?"

"कालच्या डब्यातला. चिंचेच्या वळणावरचा. का?"

आम्रपालीनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये म्हणून दिव्याच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवावा लागतो. दसऱ्याला काकांनी तिलाच बोलावलं होतं, "तुजा हात चांगला हाय, पोरी, तूच रंगव." नुसतं काळं फार उदास दिसतं म्हणून तिनं काळ्याच्या खाली एक पिवळी रेघ ओढली होती. काका केवढे हसले होते! "आता माझी जीप सगळ्या सातारा-सांगलीत एकच!" असं म्हणाले होते.

तिनं हे सांगितलं आणि पडवीत भांडण पेटलं.

"माझं काका असं करणार न्हाईत!" वीरधवल लालबुंद झाला. "कुणाचीबी रेघ असंल ती!"

"माझी रेघ मी ओळखत नाही?"

"तुला तुज्या बाबाला सोडवायचंय, म्हणून तू माझ्या काकावर आळ घेतीयास!"

आम्रपालीचा चेहरा पांढराफटक पडला. ती हळू आवाजात म्हणाली, "वीरू, माझे बाबा चौकीत बसल्यात. ज्यांनी काही केलंच नाही ते. जीप गोठ्यामागं आहे. तू स्वतः जाऊन बघ. दोन्ही दिव्यांवर माझी रेघ असली तर मी तुझ्या पाया पडेन."

वीरधवल तरातरा निघाला. बाकीची तिघं दारात उभी राहून बघत राहिली.

गोठ्यामागं जीप ताडपत्रीखाली होती. क्लचच्या दुरुस्तीला काढलेल्या गाडीचं बॉनेट उघडं असतं, आजूबाजूला पाने-पकडी पडलेल्या असतात. इथं तसलं काहीच नव्हतं. वीरधवलनं ताडपत्रीचं टोक उचललं. उजवा दिवा दिसला. काळा रंग, खाली पिवळी रेघ. त्याच्या जिवात जीव आला. आम्री वेडी आहे, तो मनात म्हणाला आणि वाकून डावा दिवा बघितला.

डाव्या दिव्याची काच कोरी करकरीत होती. वर काळा रंग घाईघाईनं फासलेला. ओघळ खालपर्यंत आलेले. त्यानं बोट लावलं तर बोटाला रंग चिकटला.

पिवळी रेघ नव्हती.

दिव्याखालचा पत्रा आत चेपलेला होता.

तो परत आला. तो पडवीच्या पायरीवर बसला आणि गुडघ्यात डोकं घालून हुंदके देऊ लागला. भूषण त्याच्याशेजारी जाऊन बसला. आम्रपालीला वाटलं होतं, आपलं खरं ठरलं की बरं वाटेल. तिला जरासुद्धा बरं वाटलं नाही. 'मी हाय न्हवं?' म्हणत काकांनी डोक्यावर ठेवलेला हात तिला अजून जाणवत होता, आणि आता तो झटकून टाकावासा वाटत होता.

"काकांना विचारूया," रेश्मा म्हणाली. तिचा अजूनही विश्वास बसत नव्हता. "कायतरी कारण असंल. काका आपल्याशी खोटं न्हाई बोलणार."

"काल बोललेच की!" भूषण म्हणाला. "क्लच गेलाय म्हणाले."

वीरधवलनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "विचारायचं न्हाई. मोठा तुकडा त्यांनी घेतलाय. आता हा एकच राहिलाय. हा फौजदारांकडं न्यायचा. चित्रातनं काढ."

"निघणार नाही. लांबी धरलीय. काढायला गेलं तर चुरा होईल," आम्रपाली म्हणाली. "न्यायचं तर सगळं चित्रच न्यावं लागेल."

"पण उद्या शेवटची तारीख!" रेश्मा ओरडली. "चित्र चौकीत गेलं तर सांगलीला काय पाठवायचं? आम्रे, तुजी शाळा..."

आम्रपालीनं चित्राकडे बघितलं. लाल, नारिंगी, पांढऱ्या काचा उन्हात लकाकत होत्या. सबंध सुट्टी त्यात गेली होती. बोटं कापली होती.

"चौकीतच न्यायचं," ती म्हणाली.

पण उन्हं कलली होती, शिराळ्याला पोचेतो रात्र झाली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं चित्र पोत्यात गुंडाळत असतानाच अंगणातून हाक आली, "झालं का रं चित्र?"

काका! 

"झालं, काका," वीरधवल कसाबसा म्हणाला.

काका पडवीच्या दारात उभे राहिले. त्यांची नजर पोत्यावर गेली, मग कोपऱ्यातल्या डब्यावर. "त्या दिवशी वळणावर आणखी तुकडं वेचलं होतं का तुमी?"

"व्हय. रेश्मानं चित्रात लावलं," भूषण बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

काकांनी पुन्हा पोत्याकडं बघितलं. मग नेहमीसारखे हसले. "बरं, आता असं करा. चित्र माझ्याकडं द्या. मी सांगलीला निघालोय, मंडळाच्या हापिसात नेऊन देतो. तुमी कशाला एसटीत फोडून घेताय?"

 आम्रपाली गोड आवाजात म्हणाली, "लय बरं होईल, काका! पण अजून सुतळी बांधायचीय. तुम्ही चहा घ्या तोवर. रेश्मा, काकांना चहा दे की!"

काका आत गेले. आम्रपालीनं वीरधवलकडं पाहून कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं शाळेतून आणलेला, तडा गेलेला जुना फळा पडला होता. आकार जवळजवळ तोच! दोघांनी खऱ्या चित्रावरचं पोतं काढून फळ्याला गुंडाळलं. सुतळीनं करकचून बांधलं. चित्र गवताच्या भाऱ्याआड सरकवलं. भूषण दारात उभा राहून मोठमोठ्यानं पाढे म्हणत होता, म्हणजे आतला खडखडाट ऐकू जाऊ नये.

"पाढं कशाला रं म्हणतोयस सुट्टीत?" काकांनी आतून विचारलं.

"परीक्षा हाय, काका!"

"दिवाळीच्या सुट्टीत?"

"शाळा लय वाईट हाय, काका!"

चहा पिऊन काका बाहेर आले. पोत्यातला फळा त्यांनी सायकलच्या कॅरियरला बांधला आणि निघाले.

"बघितलं?" रेश्मा कुजबुजली. "सांगलीलाच निघाले असतील. तुमी उगाच संशय घेता!"

"मग तू आणि भूषण जा त्यांच्या मागनं," वीरधवल म्हणाला. "लांबून बघा. आमी दोघं चित्र घेऊन चौकीत जातो. तिथंच या."

रेश्मा आणि भूषण उसातल्या पायवाटेनं धावत सुटले. सायकल एसटीच्या थांब्याकडं वळेल, असं रेश्मा देवाला विनवत होती. सायकल वळली नाही. ती मळ्यातल्या जुन्या विहिरीकडं गेली. काका उतरले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, पोतं सोडलं, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं आणि विहिरीत टाकून दिलं.

धप्प!

रेश्माच्या तोंडावर भूषणनं हात ठेवला नसता तर ती मोठ्यानं ओरडली असती. काकांनी ते उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आत पोरांचंच चित्र आहे असं समजून, चौघांची सगळी सुट्टी काकांनी पाण्यात बुडवली होती. हेच काका बाजारातून आठवणीनं तिच्यासाठी रिबिनी आणायचे! ती उसाच्या सरीत मटकन खाली बसली.

"ऊठ, रेश्मे," भूषण तिचा हात ओढत म्हणाला. "चौकीत सांगायचंय."

चौकीत फौजदारसाहेब आधी हसलेच. "चित्रकलेची स्पर्धा इथं नाही, बाळांनो!"

पण आम्रपाली बोलू लागली तसं त्यांचं हसू मावळलं. त्यांनी भिंग आणवलं. पिवळी रेघ नीट बघितली. वीरधवलनं गोठ्यामागच्या जीपबद्दल सांगितलं.  ओला रंग, चेपलेला पत्रा, सगळं. हवालदार दुसऱ्या एका शिपायाला घेऊन सावरवाडीकडं पळाले. पाठोपाठ धापा टाकत रेश्मा आणि भूषण आले आणि त्यांनी विहिरीची हकीकत सांगितली.

फौजदारांनी चित्र टेबलाशेजारी उभं केलं आणि त्यावर चादर टाकली. "तुम्ही चौघं त्या कपाटामागं. आवाज नाही!"

थोड्या वेळानं हवालदारांच्या मागून दादासो काका आले. त्यांच्याबरोबर भाऊसोही होते.

"या दादासो, बसा," फौजदार म्हणाले. "तुमच्या जीपचा डावा दिवा नवा दिसतो."

"व्हय साहेब. कराडच्या रस्त्याला ट्रकच्या चाकाखालनं दगड उडला."

"असं. आणि वळणावरच्या काचा? पोरांनी तुम्हाला दिलेल्या?"

"पोरं हायत साहेब. बाटलीची काच होती, टाकून दिली."

"पोरं चित्र करतात म्हणे. त्यात आणखी तुकडे आहेत असं ऐकलं. बघायला मिळेल का ते चित्र?"

"ते तर सकाळीच सांगलीला पाठवलं की, साहेब," काका जराही न अडखळता म्हणाले. "मी स्वतः एसटीत ठेवलं."

फौजदारांनी चादर ओढली.

खिडकीतलं ऊन काचांवर पडलं आणि सगळी खोली लाल-नारिंगी झाली. चित्रातली जीप मुलीसाठी थांबली होती. तिच्या डाव्या दिव्यात, काळ्याच्या खाली, पिवळी रेघ चमकत होती.

काका उठले, परत बसले.  तेवढ्यात कपाटामागून वीरधवल बाहेर आला. फौजदारांनी त्याला अडवलं नाही.

"काका, वळणावर पुढं कोण घुसतं?" त्यानं विचारलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काकांनी मान खाली घातली.  मग हळूहळू सांगू लागले. शिराळ्याहून रिकामी जीप घेऊन येत होते. सत्काराच्या भाषणात काय बोलायचं याचाच विचार डोक्यात होता. वळण कधी आलं कळलंच नाही. समोर बाई दिसली तेव्हा उशीर झाला होता. "उतरणार होतो, साहेब. खरंच उतरणार होतो. मग वाटलं, लोक काय म्हणतील? सत्कार होणार, आणि हे..."

"म्हणून दुसऱ्या दिवशी इथं बसून तुम्हीच माझा राजारामवरचा संशय पक्का केलात," फौजदार थंडपणे म्हणाले. "ट्रॉलीला दिवा नाही, गडी बेदरकार चालवतो, त्यानंच उडवली असणार. तुमचेच शब्द. आदर्श चालक सांगतोय म्हणून मीही ऐकलं. चूक माझीही झाली."

आम्रपाली कपाटाला धरून उभी होती. हे तिला माहीत नव्हतं. बाबांना सोडवतो म्हणणाऱ्या माणसानंच बाबांना आणखी अडकवलं होतं! त्याच दिवशी! वळणावर तिच्या डोक्यावर हात ठेवून तो इथं आला होता!

भाऊसो उठले. सख्ख्या भावाकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि ते आतल्या खोलीच्या दाराकडं गेले. हवालदारांनी दार उघडून राजारामना बाहेर आणलं तेव्हा भाऊसोंनी त्यांच्यापुढं हात जोडले. "राजाराम, आमच्या घरानं तुझा गुन्हा केलाय."

राजारामनी ते हात खाली केले. "आवं भाऊसो, तुमी काय केलंय? हे बघा, तुमचीच पोरं न्हाईत का मला सोडवायला आलेली?" आणि मग भूषण धावत जाऊन त्यांना बिलगला.

चित्र चौकीतच राहिलं. खटल्यातला पुरावा ना! शेवटची तारीख निघून गेली. आम्रपालीनं मनाची समजूत घातली.

पण फौजदारांनी स्वतः मंडळाला फोन केला. परीक्षक सांगलीहून शिराळ्याच्या चौकीत आले, लाकडी बाकावर बसून त्यांनी चित्र बघितलं, आणि चित्र शेवटच्या तारखेच्या आत पूर्ण होतं याची खात्री पंचनाम्यावरून करून घेतली. समारंभाच्या दिवशी चित्र पोलिसांच्या गाडीतून सांगलीला आलं! शेजारी बंदूकधारी शिपाई उभा! भूषणनं त्याला सांगून टाकलं, "आमच्या चित्राला हात लावायचा न्हाई हां!"

'आदर्श चालक' हा सत्कार त्या वर्षी झालाच नाही. त्या मानकऱ्याची खुर्ची रिकामीच होती. आम्रपालीचं नाव पुकारलं तेव्हा ती तिघांनाही ओढत व्यासपीठावर घेऊन गेली. लीलाबाई पाय प्लास्टरमध्ये असूनही हट्टानं आल्या होत्या. पहिल्या रांगेतून त्या ओरडल्या, "लय गुणाची पोरं! माझ्या किटलीतलं दूध ह्येंनाच पाजायला पायजे!" सभागृह हसलं. फौजदार भाषणात म्हणाले, "मोठ्या माणसाच्या शब्दाला मी भुललो. ही मुलं भुलली नाहीत. मला त्यांच्याकडून शिकायला मिळालं." राजाराम मागं उभे राहून टाळ्या वाजवत होते, हात दुखेपर्यंत.

वीरधवलही हसला, पण हसता हसता त्याची नजर त्या रिकाम्या खुर्चीकडं जात होती.

संध्याकाळी चौघं एसटीतून गावात उतरली. जामिनावर सुटलेले दादासो काका घराच्या कट्ट्यावर बसले होते. गावात त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नव्हतं. लीलाबाईंच्या दवाखान्याचा खर्च भागवायला जीप विकली होती.

"सांगलीला चांगलं झालं म्हणं," ते हळूच म्हणाले.

वीरधवल आत निघाला.  रेश्मा मात्र कट्ट्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, आमचं चित्र तुमी विहिरीत का टाकलंत?"

काकांनी तिच्याकडं बघितलं नाही. "भ्यालो, बाळा," ते म्हणाले. "लय भ्यालो होतो."

"आमी पण भ्यालो होतो," रेश्मा म्हणाली. "तरी आमी चौकीत गेलो."